बिनघंटेचं विमान

आबा नेहेते समोरच्या माणसाकडे बघून कधी बोलत नसत. त्यांची नजर तुमच्या डोक्यावरून हातभर उंच, आभाळात लागलेली असे. पहिल्या भेटीत मला वाटलं, या गृहस्थांना आपण काही आवडलेलो दिसत नाही. पुढे कळलं, त्यांना आवडणारी माणसंही याच मानाची धनी होती. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना सगळी मंडळी अक्षता घेऊन उभी आणि आबा मांडवाच्या फटीतून घार बघताहेत. त्यांची थोरली बहीण, फैजपूरची अक्का, शेजारीच होती. तिनं कोपरानं ढोसलं तेव्हा आबांनी दचकून मूठ उघडली आणि त्यांच्या अक्षता भटजींच्या डोक्यावर पडल्या.

धुळ्याबाहेर माळावर एक धावपट्टी होती आणि तिच्या कडेला पत्र्याचं हँगर. तिथे आमचा हौशी लोकांचा फ्लाइंग क्लब चाले. आबा तिथले शिक्षक. मी जळगावला कॉलेजात शिकवायचो आणि क्लबाचा चिटणीस होतो. विमानात बसायची मला भीती वाटे, पण अक्षर चांगलं आणि भांडण करायचा स्वभाव नाही, एवढ्या दोन गुणांवर ते पद माझ्याकडे वर्षानुवर्षं राहिलं. आबा मला 'मास्तर' म्हणत आणि माझ्या भित्रेपणाची अधूनमधून चौकशी करत.

ते मूळचे फैजपूरचे, केळीच्या बागा असलेल्या घरातले. लहान वयात घर सोडून विमानाकडे गेले आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांनी कपाशीवर औषध फवारायची विमानं चालवली. ते उडणं म्हणजे पिकाच्या शेंड्यांना चाकं लागतील इतकं खाली, आणि शेताच्या टोकाला विजेच्या तारा. त्यांचे दोन सोबती त्या तारांनीच गेले. आबा वाचले ते डोळ्यांमुळे, असं ते स्वतः सांगत, आणि बोलणं बढाईचं नसे.

"तार कधी दिसत नही, मास्तर," ते म्हणत. "खांब दिसतो. खांब पाह्यचा आन् तार हाये आसं समजून चालायचं."

शिकवायची त्यांची तऱ्हा अशी, की नवीन पोराला पहिले काही दिवस विमानाला हात लावू देत नसत. पट्टीच्या कडेला बाज टाकलेली होती, तिच्यावर बसवत आणि विचारत, आभाळात काय काय दिसतं सांग. घारी, ढग, पतंग, दूरवरची धुळीची वावटळ, सगळं. त्यांच्या आधी तुम्हाला दिसलं तर पास. पुढे विमानात बसल्यावर ते आपला गमछा समोरच्या काट्यांच्या घड्याळांवर टाकून झाकून घेत. "ती घड्याळं मांगं काय झालं ते सांगतात. म्होरं काय हाये ते डोये सांगतात." धुळ्याच्या एका जिनिंगवाल्याच्या मुलानं तो गमछा हळूच उचलून खाली डोकावलं. आबांनी विमान तिथल्या तिथे वळवलं, उतरवलं आणि त्याला सांगितलं, "उतर. तू सिनेमा पाह्याले जात जाय." मुलाचे वडील क्लबाचे मोठे आश्रयदाते होते. समजूत काढायला मला त्यांच्या घरी जाऊन तीनदा चहा प्यावा लागला आणि आबांनी त्याबद्दल साधा खेदही दाखवला नाही.

त्यांचं खरं नातं होतं ते म्हातारीशी. म्हातारी म्हणजे क्लबातलं सगळ्यात जुनं विमान. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, कापडावर रंगाचे थर. रुईची म्हातारी उडते तशी हलकी उडायची म्हणून ते नाव. तिला बॅटरी नव्हती, दिवा नव्हता, रेडिओ नव्हता. इंजिन चालू करायचं तर समोर उभं राहून पंखा हातानं फिरवायचा. हे काम आमचा मेकॅनिक युनूसभाई करी. तो अस्सल धुळ्याचा, अहिराणीशिवाय दुसरी भाषा बोलणं त्याला कमीपणाचं वाटे. रोज सकाळी म्हातारीच्या पोटाखालून बाहेर येऊन तो सगळं ठीक असल्याचा एकच अहवाल देई, "आबा, बठ्ठं ठीक शे."

दर रविवारी आबा म्हातारीला घेऊन जळगावकडे निघत आणि उतरण्याआधी लांबचा वळसा घालून फैजपूरवर जात. त्यासाठी भावाबहिणीत एक रीत ठरलेली होती. आबा निघण्यापूर्वी अक्काच्या शेजाऱ्यांकडे फोन करत. मग अक्का गुडघ्यांवर हात टेकत घराच्या सपाट छतावर, धाब्यावर, चढे आणि वडिलांचं जुनं पांढरं धोतर मातीच्या धाब्यावर पसरून कडांना दगड ठेवी. वरून ते पांढरं दिसलं की आबा खाली येत, एक घेर घेत, पंख डावी-उजवीकडे हलवत आणि परत फिरत. साठी ओलांडलेला भाऊ आणि सत्तरीला टेकलेली बहीण! मी एकदा गंमत केली, की सरळ बसनं जाऊन भेटत का नाही? तर म्हणाले, "बसनं गेलो का ती मले शेतीचं विचारते."

भारती तायडे त्यांच्याकडे आली तेव्हा सतरा-अठराची असेल. वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात इंजिनिअर. मुलीला विमान चालवायचंय म्हटल्यावर वसाहतीत बरीच कुजबुज झाली, पण त्या माणसानं तिला स्वतः धुळ्याला आणून सोडलं. आबांनी नेहमीप्रमाणे बाजेवर बसवलं आणि विचारलं, "घारी किती?"

"तीन," ती म्हणाली. "आणि एक तुमच्या मागे आहे, आबा."

आबांनी मान वळवली. घार होती. त्या दिवशी त्यांनी तिला स्वतःच्या डब्यातलं वांग्याचं भरीत दिलं. हे भाग्य मला चिटणीस होऊन चार वर्षं झाल्यावर लाभलं होतं.

तिला त्यांनी मन लावून शिकवलं आणि तेवढंच छळलं. म्हातारीच्या पोटाखाली कापड फाटलं होतं, ते तिच्याकडून शिवून घेतलं. युनूसभाई शेजारी उकिडवा बसून टाके मोजत होता. ठिगळ जरा तिरकं बसलं. आबा म्हणाले, पुन्हा शिव. युनूसभाई म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आबा, मजबूत शे." शेवटी ते तिरकं ठिगळ तसंच राहिलं, वर लाल रंगाचा हात मारला आणि भारती पुढच्या शिक्षणाला बाहेर गेली.

ती परत आली तेव्हा नव्वदचं दशक निम्म्याच्या पुढे गेलं होतं. एका कारखानदाराच्या दोन इंजिनांच्या विमानावर ती सहवैमानिक झाली होती. आम्हाला भेटायला आली ती पेढे घेऊन आणि एक मागणी घेऊन. आपल्या पट्टीवरून उडणाऱ्या प्रत्येक विमानात ट्रान्सपाँडर असलाच पाहिजे, असा क्लबानं नियम करावा. आमच्यातल्या बऱ्याच जणांना तो शब्दही नवा होता. तिनं समजावून सांगितलं. ही एक छोटी पेटी असते. लांबच्या रडारनं किंवा दुसऱ्या विमानातल्या यंत्रानं विचारलं, की ती आपणहून उत्तर देते, मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे. वैमानिकाला तोंड उघडावं लागत नाही.

"म्हंजी ढोराच्या गयातली घंटा," आबा म्हणाले.

"हो, तसंच म्हणा."

"घंटा गुराख्यासाठी आसते, पोरी. आपल्या आभायात गुराखी कुठी हाये? ना रडार, ना कोनी इचारनारं. ती पेटी कोनाले उत्तर देईन? सातपुड्याले?"

सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो, कारण मुद्दा बिनतोड होता. खानदेशावर लक्ष ठेवणारं रडार जवळपास नव्हतं. पेटी महाग, वर बॅटरी लागणार, वजन वाढणार. रविवारी तासभर हौसेनं उडणाऱ्या माणसानं हे का करावं? आमच्यातला एक वकील तर म्हणाला, आभाळ काय कुणाच्या बापाचं आहे, की प्रत्येकानं हजेरी द्यावी?

भारती हसली नाही. म्हणाली, "आबा, आमच्या विमानात नवीन यंत्र बसवलंय. ते स्वतःच आजूबाजूला विचारत असतं. अशी विमानं आता आपल्यावरूनही जातात. तुम्हीच शिकवलंत ना, तार दिसत नाही, ती आहे असं समजून चालायचं?"

आबांनी टोपी काढून मांडीवर आपटली. हा त्यांच्या रागाचा शेवटचा टप्पा. "म्हातारीले बॅटरीच नही. हा नियम म्हंजी तिले खाटकाकडे देनं हाये. माह्या जित्तेपनी होनार नही." आणि पुढचे काही महिने ते भारतीशी बोलले नाहीत. ती आली की बाजेवरून उठून हँगरमध्ये जात. तिलाही ते लागायचं. जाताना ती मला विचारायची, "सर, आबा रविवारी अजून फैजपूरवर जातात?" मी हो म्हणायचो आणि ती मान हलवून निघून जायची.

त्यानंतरच्या फाल्गुनात एका रविवारी जळगावच्या धावपट्टीवर शाळेच्या मुलांना विमानं दाखवायचा कार्यक्रम ठेवला होता. धुळ्याहून आबा म्हातारी आणणार, आणि भारतीच्या मालकांनी मोठ्या मनानं त्यांचं विमान पाठवायचं कबूल केलं होतं. ते इंदूरकडून येणार होतं. पट्टीवर मुलांच्या रांगा लागल्या, बर्फाच्या गोळ्यांच्या गाड्याही येऊन ठेपल्या. एका टेबलावर त्या दिवसापुरता रेडिओ मांडला होता आणि त्याच्यापाशी मला बसवलं होतं.

त्या दिवसांत तिकडे दुपारपर्यंत आभाळ धुरकट असतं. कपाशी निघालेली असते आणि शेतकरी वावरात उरलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, जाळतात. उत्तरेकडे सातपुडा दिसेनासा झाला होता. धुळ्याहून युनूसभाईचा फोन आला, आबा केव्हाच निघाले. मी मनात हिशेब केला आणि मला बरं वाटेना. आता ते फैजपूरच्या आसपास असणार.

तेवढ्यात रेडिओवर भारतीचा आवाज आला. रेडिओवर इंग्रजीत बोलायची शिस्त असते आणि ती शिस्तीची मुलगी. यावल-फैजपूरच्या बाजूनं खाली येतोय, खाली धूर आहे, आसपास दुसरं विमान आहे का, असं तिनं विचारलं.

मी बटण दाबलं. "भारती, आबा धुळ्याहून निघालेत. फैजपूरवर असतील. नक्की कुठे, माहीत नाही."

मग ती मराठीत म्हणाली, "सर, आमचं यंत्र सारखं विचारतंय. उत्तर काहीच येत नाही."

येणार कुठून? म्हातारी मुकी होती. आबांना सांगायचा काही मार्ग नव्हता. फैजपूरला फोन लावून अक्काला सांगितलं असतं, तरी ती धाब्यावरून ओरडून किती ओरडणार? मागे मुलं टाळ्या वाजवत गाणं म्हणत होती. मला त्यांना गप्प करावंसं वाटलं, जणू त्यांच्यामुळेच ऐकू येत नव्हतं.

"धुरात काही..." भारतीचा आवाज आला. मग ती मोठ्यानं ओरडली, "आबा!" आणि रेडिओ बंद पडल्यासारखा गप्प झाला.

मी हाका मारत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग उत्तरेला धुरातून एक ठिपका निघाला, दोन इंजिनांचा आवाज आला, आणि ते पांढरं विमान सरळ येऊन उतरलं. मुलांनी एकच गलका केला. दार उघडलं आणि भारती धावतच माझ्याकडे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आले का आबा?"

"नाही. काय झालं?"

"आमच्या नाकासमोरून वर गेले. कॅप्टननं विमान खाली दाबलं म्हणून वाचलो. सर, मला म्हातारीचं पोट दिसलं. मी लावलेलं ते तिरकं ठिगळ दिसलं मला." तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आमच्या मागच्या वाऱ्यानं तिचं काय झालं, कळत नाही. मागे वळून बघितलं तर नुसता धूर होता."

आम्ही दोघं उत्तरेकडे बघत उभे राहिलो. आयुष्यात मी तेवढं आभाळ कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक घार मला विमान वाटत होती. कार्यक्रमाचे अध्यक्ष येऊन विचारून गेले, सुरू करायचं का? भारतीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि मग ती लहानशी फटफट ऐकू आली. म्हातारी आपल्या नेहमीच्या चालीनं, घाई नाही गडबड नाही, अशी आली आणि अलगद टेकली. आबा उतरले, गमछ्यानं तोंड पुसलं आणि आमच्या डोक्यांवरून आभाळाकडे बघत म्हणाले, "आज काही अक्काचं धाबं घावलं नही, मास्तर! बिबड्याचे दिवस. बठ्ठ्या गावानं धाब्यावर धोतरं पसरून जवारीचे बिबडे पापडावानी वायत घातले. जिकडं पाह्य तिकडं पांढरंच पांढरं. घेर घेऊ घेऊ मान दुखली खाली पाहून. एक झटका बसला मोठा, पऱ्हाट्या जायल्या आसतीन खाली, गरम हवा उठली."

भारती पुढे झाली.

"आबा, तुम्ही मला पाहिलंत?"

"कुठी?"

"फैजपूरवर. तो झटका गरम हवेचा नव्हता. तो आमचा होता."

आबांची नजर खाली आली. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघताना पाहिलं. तिनं हातानं दाखवलं, केवढं अंतर होतं ते. ते अंतर आमच्या हँगरच्या दारापेक्षा फार मोठं नव्हतं.

"आवाज?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या इंजिनात कसा ऐकू येणार?"

आबा म्हातारीपाशी गेले, खाली वाकले आणि पोटावरच्या ठिगळावरून हात फिरवला. मग तिथेच चाकाला टेकून जमिनीवर बसले. भारती त्यांच्या शेजारी बसली आणि रडायला लागली. "पोरी," ते म्हणाले, "मी खालीच पाहत होतो वं."

पुढच्या रविवारी हँगरमध्ये बैठक झाली. नियमाला आता कुणाचाच विरोध नव्हता, आभाळ कुणाच्या बापाचं म्हणणाऱ्या वकिलाचाही नाही. पण सगळ्यांच्या मनात म्हातारी होती. वकिलानंच सूचना मांडली, की म्हातारीला बॅटरी नाही, तिच्यात पेटी बसणार नाही, तेव्हा तिच्यापुरती सूट द्यावी. माणसं माना डोलवू लागली. मला तर हायसं वाटलं. भारतीनंही हरकत घेतली नाही. तिलाही ते हवं होतं, असं मला वाटतं.

आबा उभे राहिले. "सूट कोनाले देता? जिनं या पोरीले मारलं आसतं तिलेच?"

"आबा, पुन्हा तसं होणार नाही," वकील म्हणाला. "तुमचे डोळे..."

"डोये चांगले हायेत माह्ये. त्या दिवशीबी चांगलेच होते. म्हनून तर सांगतो." त्यांचा आवाज चढला. "मी पोरायले शिकवलं, डोये हायेत तर बठ्ठं हाये. डोये एका टायमाले एकच जागा पाह्यतात. त्या टायमाले मी धोतर पाहत होतो. ही पोरगी इचारत होती, कोन हाये, कुठी हाये, आन् मी मुक्यावानी उडत होतो. मास्तर, लिहा. कोनालेबी सूट नही."

हात वर झाले. आबांचा हात सगळ्यात आधी वर झाला होता. मी ठराव लिहिला, आणि चांगल्या अक्षराचा माणूस असूनही त्या दिवशीची ओळ वाकडी गेली. युनूसभाई दाराशी उभा होता. तो नेहमीचं वाक्य म्हणाला नाही. त्यानं म्हातारीच्या पंख्यावर ताडपत्री टाकली आणि दोरी बांधली.

क्लबातल्या दुसऱ्या विमानांत यथावकाश पेट्या बसल्या. आबांनी त्यांवर शिकवावं अशी आम्ही खूप गळ घातली. काही दिवस त्यांनी शिकवलंही आणि गमछा टाकताना तेवढी एक पेटी उघडी ठेवली. पण रविवार आला की त्यांना करमत नसे. शेवटी बाज युनूसभाईला देऊन ते फैजपूरला राहायला गेले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच, पुढच्या वर्षी, बिबड्यांच्या दिवसांत. मी गेलो तेव्हा अक्का ओसरीवर बसली होती. "वर हाये तो," ती म्हणाली. "मले चढू देत नही आता, सोताच जातो." मी शिडीनं वर गेलो. सगळ्या गावाच्या धाब्यांवर पांढरी धोतरं पसरली होती आणि त्यांवर बिबडे वाळत होते. या एका धाब्यावर मात्र अक्काचं लालभडक लुगडं पसरलेलं होतं आणि आबा वाकून त्याच्या कडांना दगड ठेवत होते.

"या मास्तर. भारती येते दर रविवारी इंदूरवरून. वरूनच जाते."

"तिला दिसतं का एवढ्या उंचीवरून?"

"काय मालूम." ते उठून उभे राहिले, कमरेला हात लावला. उत्तरेकडे धूर होता. दोन इंजिनांचा आवाज बारीक, दुरून येऊ लागला. विमान मला कुठे दिसेना. त्यांनाही दिसत नव्हतं, कारण ते कधी इकडे बघत, कधी तिकडे. मग त्यांनी शोधायचं सोडून दिलं. खाली वाकले, लुगड्याची दोन टोकं उचलून हात डोक्यावर नेले आणि ते लाल कापड जिवाच्या आकांतानं हलवायला लागले.

"दगड निसटले, आबा," मी म्हटलं.

"निसटू द्या," ते म्हणाले. "ती इचारत आसंन ना. सांगाले नको?"